जोश ओसरल्यावर काय? : रोजच्या सवयी आणि आत्मिक वाढ



मागच्या व्याख्यानानंतर एक तरुण आमच्यापाशी थांबला. परतूरकडचा, जालन्याच्या एका रोलिंग मिलमध्ये कामाला. म्हणाला, "सर, उज्जीवन सभेला जातो तेव्हा तीन दिवस अंगात वीज असते. शपथ घेतो की आता रोज पहाटे प्रार्थना. आठवड्यात सगळं पहिल्यासारखं. माझ्या विश्वासातच खोट आहे का?" तेवढ्यात चहा आला, माणसं आली आणि उत्तर राहून गेलं. आजचं बोलणं हे त्याचं उत्तर समजा. बाकीच्यांनी ऐकायला हरकत नाही, कारण हा प्रश्न बहुतेकांच्या मनात असतो आणि विचारत कोणी नाही.

जालन्यात बसून हा विषय बोलायचा तर बेथेलची आठवण काढल्याशिवाय कसं चालेल? रेव्हरंड नारायण शेषाद्री यांचा बाप्तिस्मा 1843 साली मुंबईत झाला. ब्राह्मण घरातला मुलगा, त्यामुळे त्या काळी केवढा गहजब झाला असेल याची कल्पना करा. पुढे 1860 च्या दशकात ते जालना भागात कामाला आले आणि निजाम सरकारकडून मिळालेल्या जमिनीवर त्यांनी जालन्याजवळ बेथेल नावाचं गाव वसवलं. 1873 साली न्यूयॉर्कच्या मोठ्या ख्रिस्ती परिषदेत हेच गृहस्थ पागोटं बांधून उभे होते. पण आमच्या मते त्यांचं खरं काम ते भाषण नव्हे. गावकुसाबाहेर ठेवलेल्या माणसांसाठी घरं, शाळा, उपासनेची जागा, म्हणजे रोज जगण्याची सोय त्यांनी उभी केली, ते खरं काम.

आणि नाव बघा काय निवडलं. बेथेल, देवाचं घर. याकोब धोंडा उशाला घेऊन झोपला, शिडीचं स्वप्न पडलं, उठून त्याने त्या जागेला हे नाव दिलं. आपण स्वप्नावर प्रवचनं ऐकतो. पण स्वप्न एका रात्रीचं होतं. त्यानंतर याकोबाने लाबानाकडे वीस वर्षं मेंढरं राखली, उन्हात आणि थंडीत. उज्जीवन सभा ही स्वप्नाची रात्र आहे. ती खोटी नाही. पण पुढची वीस वर्षं मेंढरांचीच असतात.

आता थोडं तत्त्वज्ञान. आयुष्यभर तेच शिकवलं, सुटत नाही. ॲरिस्टॉटल म्हणतो की माणूस सद्गुणी होतो तो सद्गुणाची कृत्यं पुन्हा पुन्हा करून. गवंडी भिंती बांधून गवंडी होतो, तसा माणूस न्यायाची कृत्यं करून न्यायी होतो. ऐकायला गोड वाटतं. पण मार्टिन ल्यूथर या विचारावर तुटून पडला. 1517 साली, त्याच्या प्रसिद्ध 95 प्रबंधांच्या काही आठवडे आधी, त्याने मांडलं की न्यायाची कृत्यं करून आपण देवापुढे नीतिमान होत नाही. आधी देव आपल्याला नीतिमान ठरवतो, मग कृत्यं येतात. म्हणजे मूळ गोष्ट कृपा. मग सवयींचं काय करायचं? रोज पाचला उठून शास्त्र वाचलं म्हणून कृपा थोडी वाढीव मिळते का? मिळत नाही. आणि मिळते असं वाटू लागलं की माणूस परूशी झालाच म्हणून समजा. आम्ही असे परूशी पाहिले आहेत. दाढी करताना आरशातही पाहिला आहे.

पण गंमत अशी की याच ल्यूथरने 1529 च्या लहान प्रश्नोत्तरीत साध्या कुटुंबांसाठी सकाळ-संध्याकाळची प्रार्थना लिहून दिली. उठल्यावर मतांगीकार म्हणा, प्रभूची प्रार्थना म्हणा, आणि आनंदाने कामाला लागा. पुढे 1535 मध्ये त्याच्या न्हाव्याने विचारलं, प्रार्थना करायची कशी? त्याच्यासाठी ल्यूथरने एक छोटं पुस्तकच लिहिलं. त्यात न्हाव्याचंच उदाहरण आहे: वस्तरा चालवताना न्हाव्याचं सगळं लक्ष वस्तऱ्यावर आणि केसांवर हवं, गप्पांत गेलं तर गिऱ्हाइकाचं नाक कापलं जाईल. प्रार्थनेतही तसंच. कृपेचा एवढा मोठा पुरस्कर्ता, आणि न्हाव्याला रोजचा पाठ घालून देतो! त्याला यात विरोध दिसला नाही. आपल्याला का दिसावा?

हे आपल्या भाषेत सांगायचं तर मोसंबीचं आळं बघा. आळं पाणी तयार करत नाही, पाऊस वरूनच येतो. पण आळं नसेल तर चांगला पाऊससुद्धा उताराने वाहून जातो आणि झाड तहानलेलं राहतं. सभेतला जोश ओसरतो तो याच कारणाने. पाऊस पडला होता हो, आळं नव्हतं.

मग आळं कसं करायचं? त्या तरुणाची खरी अडचण पुढे होती. "शिफ्ट बदलते सर. या आठवड्यात पहाटे घरी येतो, पुढच्या आठवड्यात पहाटे निघतो. माझी पहाट कुठली?" हा मुद्दा आमच्यासारख्या नऊ-ते-पाच माणसांना सुचला नसता. म्हणून सवय घड्याळाला बांधू नका, कृतीला बांधा. रोज होणारी एक गोष्ट धरा. बूट घालणं, डबा उघडणं, म्हशीखालचं शेण काढणं, काहीही. तिच्या पाठीला प्रार्थना बांधा. सतराव्या शतकात पॅरिसच्या एका मठात ब्रदर लॉरेन्स नावाचा स्वयंपाकी होता, त्याने भांडीकुंडी आणि देवाचं सान्निध्य वेगळं मानलंच नाही. आरंभीच्या ख्रिस्ती मंडळ्यांसाठी लिहिलेल्या 'डिडाखे' या छोट्या ग्रंथात प्रभूची प्रार्थना दिवसातून तीनदा म्हणा एवढंच सांगितलं आहे. एक मिनिटसुद्धा लागत नाही. सुरुवात एवढ्यावर करा. पहिल्याच दिवशी तासाभराचा संकल्प करणारी माणसं आम्ही खूप पाहिली, ती आठवडाभर टिकतात.

चुकलं तर? मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स 1890 मध्ये म्हणाला की सवय मुरेपर्यंत एकही अपवाद करू नका. लंडनच्या एका विद्यापीठातला अलीकडचा अभ्यास मात्र वेगळं दाखवतो. नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागले, कुणाला 18, कुणाला 254. आणि एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही. आपल्याला हे शास्त्राआधी ठाऊक हवं होतं. उधळ्या पुत्राच्या बापाने हजेरीपट काढला नव्हता.

वाचनाबद्दल थोडक्यात सांगतो. एक शुभवर्तमान घ्या, मार्क सगळ्यात लहान आहे, आणि रोज दहा-बारा ओव्या मोठ्याने वाचा. मोठ्याने अशासाठी की घरात वाचता न येणारी आजी असते, आणि मोबाईलवर नजर खिळलेला नातूही असतो. उपवासाबद्दलही एकच. मोसंबीला बहार धरण्याआधी पाणी तोडून ताण देतात, ताण बसल्याशिवाय फूल नीट येत नाही. प्रार्थना कोरडी वाटते ते दिवस ताणाचे असू शकतात. बाग मोडायची घाई करू नका.

हे झाड-पाण्याचं बोलतो आहोत त्याला घरचं कारण आहे. ते सांगायला आम्हाला जड जातं, पण न सांगितलं तर वरचं सगळं पोपटपंची ठरेल.

आमच्या धाकट्या बंधूंची जालन्याजवळ मोसंबीची बाग होती. 2012-13 चा दुष्काळ तुम्हाला आठवतो. पिण्याला पाणी नव्हतं, झाडांना कुठून असणार? त्यांनी टँकर लावले, पैसे संपले, आमच्याकडे मागितले. आमचं पेन्शन चालू होतं, हात अडलेला नव्हता. आम्ही त्यांना दोन पानांचं पत्र लिहिलं. त्यात हिशेब होता, युक्तिवाद होता, बाग सोडून देणं कसं शहाणपणाचं आहे ते होतं. पैसे नव्हते. बाग वाळली. त्यांनी ती स्वतः तोडली आणि आमच्याशी बोलणं सोडलं.

आता सांगायची गोष्ट अशी की त्या काळात आमची सकाळची प्रार्थना एक दिवस चुकली नाही. जेम्स खूश झाला असता. पण मराठी प्रभूच्या प्रार्थनेत पापाच्या जागी ऋणाचा शब्द आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे. आमची ऋणं सोड, जशी आम्ही सोडतो. रोज त्या जागी आलो की आमचा आवाज बारीक व्हायचा. आधी लक्षात आलं नाही. मग आमच्या मंडळी एका सकाळी म्हणाल्या, "अहो, ती ओळ तुम्ही गिळता." आम्ही चिडलो. दुसऱ्या दिवशी मुद्दाम मोठ्याने म्हटली, तर पुढचं म्हणवेना. बंधूंनी आमचं काही ऋण बुडवलं नव्हतं. बुडवणारे आम्ही होतो, आणि क्षमा करायला तयार असल्याचा आव आणत होतो.

सवयीने आम्हाला चांगलं केलं नाही. चार वर्षं रोज प्रार्थना करूनही आम्ही होतो तिथेच होतो. पण रोज त्याच जागी उभे राहत होतो, म्हणून ती ओळ आम्हाला पकडू शकली. मनाला येईल तेव्हाच प्रार्थना केली असती तर मनाला येईल तेवढीच केली असती, आणि ती ओळ नक्की वगळली असती. दानीएलाचं पाहा. राजाची बंदी आली तेव्हा त्याने नवीन काही केलं नाही, पूर्वी करत असे तसंच दिवसातून तीनदा खिडकीपाशी गुडघे टेकले. संकट आलं त्या दिवशी त्याला जागा शोधावी लागली नाही.

म्हणून रात्रीचीही एक सवय सांगतो, आणि ती आम्ही उशिरा लावून घेतली. निजण्याआधी दिवसाची उजळणी करायची. आज देव कुठे भेटला, आणि आज कुणाचं मन आपण मोडलं. दुसऱ्या प्रश्नाला नाव आलं तर सकाळी त्या माणसाकडे जायचं. वेदीपाशी अर्पण ठेवून आधी भावाकडे जा, असं प्रभूने मत्तयात सांगितलं आहे. प्रभुभोजनाच्या आदल्या रात्री तर ही उजळणी टाळूच नये.

आम्ही गेलो. एसटीने जालन्याला, तिथून रिक्षाने. बंधू विहिरीपाशी होते. वाटेत जुळवलेली वाक्यं सगळी विसरलो. एवढंच म्हणालो, "आमचं चुकलं." बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "दादा, झाडं तर गेली." वहिनींनी चहा आणला. त्यांनी 'माफ केलं' असं म्हटलं नाही, आजतागायत म्हटलेलं नाही. बोलणं सुरू आहे. आम्ही त्यावर समाधानी आहोत असं नाही, पण आम्हाला याहून जास्त मागण्याचा हक्क नाही.

परवा त्या रोलिंग मिलच्या तरुणाचा फोन आला. सेफ्टी शूजच्या नाड्या बांधताना प्रभूची प्रार्थना म्हणतो म्हणाला. मधे काही दिवस सुटले, पुन्हा धरलं आहे. बाजूची पोरं हसतात का, विचारलं. म्हणाला, "नाही सर, त्यांना वाटतं मी नाड्याच बांधतोय."