आधी पाण्याची वेळ, मग बोट

दिवाळी सरली की मालवण, तारकर्ली, देवबाग या पट्ट्यात खासगी बोटीची चौकशी सुरू होते. सात-आठ जणांचे कुटुंब, दोन-तीन तासांची फेरी, वाटेत डॉल्फिन, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास स्नॉर्कलिंग, निवतीच्या बाजूला एखाद्या निवांत जागी पाण्यात उतरणे आणि देवबागच्या संगमावरून परत, असा बेत साधारण ठरलेला असतो. चौकशीत प्रश्न दोनच येतात: किती घेणार आणि कुठे कुठे नेणार? ‘केव्हा’ हा प्रश्न नाश्ता, जेवण आणि हॉटेल सोडण्याची वेळ पाहून परस्पर सुटतो. समुद्रातल्या पोहण्याविषयीचे बहुतेक गैरसमज या सवयीतून जन्मतात. आपण समुद्राकडे एक ठिकाण म्हणून पाहतो, जणू तो बागेसारखा दिवसभर तसाच असतो. प्रत्यक्षात त्याच जागचे पाणी सकाळी दहाला पोहण्याजोगे आणि दुपारी एकला टाळण्याजोगे असू शकते. सामायिक बोटीत ही वेळ वेळापत्रक ठरवते. खासगी बोटीत ती आपल्या हाती येते आणि जादा पैसे खरे तर त्याच मुभेचे असतात. ती मुभा कशी वापरावी हे कळायचे, तर काही रूढ समजुती तपासून पाहायला हव्यात.

‘समुद्र शांत दिसतोय’

दुपारच्या उन्हात पाणी निळेशार दिसते आणि भल्या सकाळी राखाडी, म्हणून सकाळचा समुद्र नीरस आणि दुपारचा देखणा वाटतो. पाण्यात उतरणाऱ्याचा हिशेब उलटा आहे. रात्री जमीन पाण्यापेक्षा लवकर निवते आणि पहाटे तिच्याकडून समुद्राकडे मतलई वारे वाहतात, त्यामुळे किनाऱ्यालगतचे पाणी दबून राहते. ऊन चढले की जमीन लवकर तापते, समुद्रावरून खारे वारे येऊ लागतात आणि दुपारी त्यांचा जोर वाढत जातो. त्यांनी उठवलेल्या आखूड लाटा बोटीला हिसके देतात, पाण्यातून शिडीवर चढणे अवघड करतात आणि उथळ भागातली वाळू ढवळून पाणी गढूळ करतात. स्नॉर्कलिंगला गेलेल्याला खाली काहीच दिसत नाही, याचे कारण पुष्कळदा ठिकाणात नसून घड्याळात असते.

वाऱ्याहून मोठा हिशेब भरती-ओहोटीचा. एका भरतीपासून दुसरी भरती सुमारे १२ तास २५ मिनिटांनी येते, म्हणून भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. तिथीला तीनने गुणून चाराने भागले की पूर्ण भरतीची वेळ निघते, हा कोकणात चालत आलेला आडाखा मुंबईच्या आसपास बऱ्यापैकी लागू पडतो. भरतीची लाट पश्चिम किनाऱ्यावर दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत असल्याने मालवणकडे ती सुमारे तासभर आधी येते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची, म्हणजे मोठी भरती असते, अष्टमीच्या सुमारास भांगाची, म्हणजे लहान. चढउताराचा वेगही एकसारखा नसतो: सहा तासांत जेवढे पाणी चढते किंवा उतरते, त्यातले जवळपास निम्मे मधल्या दोन तासांत सरकते. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते, त्या संगमावर हे डोळ्यांनी दिसते. ओहोटीच्या ऐन मध्यावर खाडीचे पाणी समुद्राकडे धाव घेते आणि सोबत गाळही आणते. भरती पुरी होताना मात्र काही वेळ पाणी थबकल्यासारखे होते. उधाणाच्या दिवशी संगमाजवळ भर ओहोटीत पाण्यात उतरणे आणि भांगाच्या दिवशी पाणी थबकलेले असताना उतरणे, या दोन गोष्टींची जागा एकच असली तरी त्यांत काहीही साम्य नाही.

तिसरा हिशेब ऋतूचा. ‘वारा पडलाय, मग लाट कुठून येणार?’ हा प्रश्न रास्त वाटतो, पण लाट स्थानिक वाऱ्याचीच असते असे नाही. हिंदी महासागराच्या दूर दक्षिणेला झालेल्या वादळांच्या लाटा हजारो किलोमीटर प्रवास करून काही दिवसांनी आपल्या किनाऱ्यावर पोहोचतात आणि स्वच्छ आकाशाखाली, वारा नसतानाही फुटतात. मे महिन्यात त्यांत मान्सूनपूर्व वाऱ्यांची भर पडते. म्हणूनच मेच्या अखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत प्रवासी आणि पर्यटन बोटी बंद ठेवल्या जातात. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कूबा करून परतणाऱ्या पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचा जीव गेला. हंगाम संपायला तेव्हा मोजके दिवस उरले होते. बंदीची तारीख कागदावर एका दिवसात येते, समुद्र मात्र त्याआधीपासून हळूहळू बदलत असतो. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था लाटांच्या उंचीचे अंदाज आणि इशारे प्रसिद्ध करते. हॉटेलचे रेटिंग पाहायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात तेही पाहून होतात.

‘किनारा जवळ आहे आणि पोहताही येते’

तलावात ५० मीटरच्या फेऱ्या मारणाऱ्याला शंभर मीटरवरचा किनारा हाताशी वाटतो. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये चीनच्या पान झानले याने १०० मीटर फ्रीस्टाइल ४६.४० सेकंदांत पोहून विश्वविक्रम केला. म्हणजे सेकंदाला सुमारे २.१५ मीटर. हौशी पोहणारा सेकंदाला मीटरभरही जात नाही. किनाऱ्यावर फुटलेल्या लाटांचे पाणी अरुंद वाटेने समुद्राकडे परतते, त्या ओढीचा वेग कधी कधी सेकंदाला २.४ मीटरपर्यंत मोजला गेला आहे. जिथे विश्वविक्रमवीरही मागे ओढला जाईल, तिथे पोहता येण्याचा दाखला कितीसा उपयोगी? खोल समुद्र धोक्याचा आणि किनारा सुरक्षित, ही समजूतही इथेच ढासळते. एप्रिल २०१७ मध्ये मालवणजवळ वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावहून सहलीला आलेल्या महाविद्यालयीन मंडळींपैकी आठ जण बुडाले, आणि ते बोटीतून नव्हे, किनाऱ्यावरूनच पाण्यात उतरले होते.

यावर कोणी म्हणेल, मालवणच्याच चिवला बीचवर दरवर्षी सागरी जलतरण स्पर्धा होते आणि शाळकरी मुलेही त्यात उतरतात. खरे आहे, पण त्या स्पर्धेची वेळ आणि मार्ग आधी ठरलेले असतात आणि पोहणाऱ्यांवर नजर ठेवायला सोबत बोटी असतात. सहलीत पोहताना निदान तीन गोष्टी तशाच व्हायला हव्यात. पहिली, बोट नांगरलेली असावी, कारण मोकळी बोट वाऱ्याने सरकते आणि पोहणाऱ्याला तिच्यामागे धावावे लागते. दुसरी, आधी प्रवाहाच्या विरुद्ध दिशेला जावे म्हणजे दमल्यावर पाणीच बोटीकडे आणते. आधी प्रवाहाबरोबर वाहत गेलेल्याला परतीचा चढ दमलेल्या हातांनी चढावा लागतो. तिसरी, बोटीमागे तरंगती रिंग बांधलेला लांब दोर सोडलेला असावा. या तिन्हींना खर्च जवळपास शून्य आहे.

‘खाऱ्या पाण्यात माणूस बुडत नाही’

ही समजूत मृत समुद्रावर वर्तमानपत्र वाचत पहुडलेल्या माणसाच्या छायाचित्रांतून आली असावी. मृत समुद्रात मिठाचे प्रमाण ३४ टक्क्यांच्या आसपास आहे, अरबी समुद्रात साडेतीन टक्क्यांच्या. आपल्या समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा जेमतेम अडीच टक्क्यांनी जड असते. छाती हवेने भरलेली असली तर शरीर काठावर तरंगते, पण नाक-तोंड पाण्याबाहेर ठेवण्याची हमी मीठ देत नाही. एक लाट चेहऱ्यावर आली, श्वास चुकला, की तो काठ संपतो. उलट पाण्यात शरीराचे भासमान वजन अवघे काही किलो असल्याने तोंड वर ठेवायला थोडाच आधार पुरतो. लाईफ जॅकेट काम करते ते यामुळे. मात्र सगळी जॅकेटे सारखी नसतात. ५० न्यूटन उचल देणारे जॅकेट शुद्धीवर असलेल्या, पोहता येणाऱ्या माणसाला मदत करते. १५० न्यूटनचे जॅकेट बेशुद्ध माणसालाही उताणे वळवू शकेल अशा बेताने बनवलेले असते. मोठ्यांचे जॅकेट मुलाला घातले तर पाण्यात ते वर सरकते आणि मूल खाली राहते. म्हणून मुलाला त्याच्या वजनाचे जॅकेट हवे, आणि त्याचा पायांमधून घ्यायचा पट्टा आवळलेला हवा.

‘जॅकेट बोटीत आहेच, गरज पडली तर घालू’ हा युक्तिवाद ऐकायला बरा वाटतो. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबई बंदरात नौदलाची स्पीडबोट प्रवासी बोटीवर आदळली, तेव्हा दिवसाचा उजेड होता आणि वादळाचे चिन्हही नव्हते. त्या दुर्घटनेनंतर गेटवेवरून सुटणाऱ्या बोटींत जॅकेट घालणे सक्तीचे झाले. आपत्ती जॅकेट शोधायला वेळ देत नाही, एवढाच त्याचा अर्थ. बुडणारा माणूस ओरडेल, हात हलवेल आणि आपण धावू, हीदेखील सिनेमातली समजूत आहे. अमेरिकेतले जीवरक्षक फ्रँक पिया यांनी बुडणाऱ्यांच्या चित्रफितींचा अभ्यास करून दाखवले, की ज्याला श्वासच पुरत नाही तो हाक मारू शकत नाही. त्याचे हात आपोआप पाणी खाली दाबत राहतात आणि २० ते ६० सेकंदांत तो पाण्याखाली जातो. सात-आठ जणांच्या खासगी फेरीत सगळेच फोटो काढत असतील, तर हा मिनिटभर कोणाच्याच लक्षात येत नाही. एकाने बोटीतच थांबून फक्त पाण्यातली डोकी मोजायची, हा नियम कोणत्याही उपकरणाहून स्वस्त आहे. ‘जॅकेट घालून पाण्याखालचे कसे दिसणार?’ या आक्षेपाचे उत्तर स्नॉर्कलिंगमध्येच आहे. ते पालथे तरंगत, पृष्ठभागावरूनच करायचे असते.

‘बोट आपण घेतली, मग आपल्या मर्जीने’

सगळ्यांत खोल रुजलेला गैरसमज हाच. बोटीची प्रवासीसंख्या मेरीटाइम बोर्डाच्या परवान्यात ठरलेली असते. भाडे पूर्ण भरले म्हणून ती वाढत नाही. ‘आणखी दोघे मांडीवर बसतील’ हे रिक्षाचे गणित आहे. छोट्या बोटीत वजनाइतकेच ते कुठे बसले आहे यालाही महत्त्व असते. डॉल्फिन दिसताच आठ जण एकाच काठाशी धावले तर चार-पाचशे किलो क्षणात एका बाजूला जातात. पाण्यात कोणी असताना इंजिन पूर्ण बंद हवे, नुसते न्यूट्रलमध्ये नको, कारण गिअर चुकून पडला तरी पंखा फिरतो आणि शिडी बहुधा त्याच्या शेजारीच असते. दारूचा घोट घेऊन पोहणे तर चर्चेपलीकडचे.

पण मर्जीचा खरा धोका वेळेत आहे. सामायिक बोटीच्या तांडेलाला पुढची फेरी गाठायची असते, त्यामुळे कोणा एकाच्या आग्रहाने तो थांबत नाही. वेळापत्रक प्रवाशांचे नकळत रक्षण करते. खासगी फेरीत ते कुंपण नसते. गिऱ्हाईक एकच आणि तेच मालक. ‘अजून अर्धा तास’, ‘तिकडे थोडे पुढे’ ही मागणी नाकारणे म्हणजे बक्षिसी आणि पुढच्या वर्षीचे गिऱ्हाईक गमावणे, हे तांडेल जाणतो. ‘जबाबदारी त्याची, त्याला समुद्र कळतो’ असे म्हणताना आपण हे विसरतो, की त्याच्या कळण्यावर आपल्या पैशांचा दाब असतो. तो स्वतः जॅकेटविना वावरतो हेही वारंवार दाखवले जाते. मात्र तो आयुष्यभर पाण्याच्या वेळा पाळत आला आहे आणि आपण त्याला नेमक्या त्याच मोडायला सांगत असतो.

‘नुसते पाहिल्याने काय बिघडते?’

पाण्याखालच्या जगाविषयीही असाच गैरसमज आहे. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झाले. त्याचे क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर आहे आणि पद्मगडाच्या परिसरासह ३.१८ चौरस किलोमीटर हा त्याचा गाभा. इथले प्रवाळ लक्षद्वीपसारखी बेटे रचणारे नाहीत, खडकांवर विखरून वाढणारे आहेत. म्हणून ते क्षुल्लक ठरत नाहीत. गोलसर वाढणाऱ्या काही जाती वर्षाला सेंटीमीटरभर वाढतात. त्यांवर टाकलेला नांगर किंवा टेकवलेला पाय वर्षानुवर्षांची वाढ क्षणात मोडतो. मासे जमवायला टाकलेला पाव म्हणजे दया, असेही वाटते. पण खडकावरचे शेवाळ खाऊन प्रवाळाला जागा मोकळी ठेवणारे मासे पावाला सोकावले, तर शेवाळ माजते. प्रवाळ आणि डॉल्फिन दोन्ही वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, तेव्हा डॉल्फिनमागे बोट पळवणे हा हौसेचा विषय उरत नाही. इथेही वेळच कामी येते. सकाळच्या निवळ पाण्यात काही न टाकताही मासे दिसतात, आणि इंजिन मंद ठेवून थांबलेल्या बोटीला डॉल्फिन पाठलागाशिवाय भेटतात.

एवढे सगळे पाळायचे तर सहलीची मजा काय उरली, असे कोणी विचारील. वरच्या यादीत आनंदातून काढून टाकलेले काय आहे ते मोजून पाहावे: दुपारचे हिसके, गढूळ पाणी, बोटीतली दाटी आणि मळमळ. उरले आहे ते सकाळचे सपाट पाणी, तळ दिसेल इतका निवळपणा आणि परतताना अंगात शिल्लक राहिलेली ताकद. धोका टाळण्याची आणि उत्तम अनुभवाची वेळ इथे बरेचदा एकच असते. तेव्हा भावाची घासाघीस करण्याआधी तांडेलाला विचारावे, ‘उद्या पाणी किती वाजता भरतंय?’ त्याने सांगितलेल्या वेळेला आपला नाश्ता जुळवून घ्यावा आणि तो ‘आज नको’ म्हणाला, तर बक्षिसी त्या नकाराचीही द्यावी.