फ्रीमेसनांची सभासदसंख्या : ओहोटी आणि वाढीचे नियोजन

फ्रीमेसनरी ही प्रामुख्याने पुरुषांची बंधुसंघटना. तिचे मूळ एकक लॉज, आणि एखाद्या प्रदेशातील सर्व लॉजवर अधिकार चालतो तो तिथल्या ग्रँड लॉजचा. पहिली ग्रँड लॉज १७१७ साली लंडनमधील चार लॉजनी मिळून स्थापली, असे परंपरा सांगते. पुढे संघटनेचा सर्वांत मोठा विस्तार अमेरिकेत झाला आणि सर्वांत मोठी घटही तिथेच झाली. १९५९ मध्ये अमेरिकेत सुमारे ४१ लाख मेसन होते. २०१७ मध्ये ते ११ लाखांच्याही खाली आले आणि पुढे दहा लाखांचा आकडाही टिकला नाही. याच काळात देशाची लोकसंख्या मात्र पावणेदोन पटींहून अधिक झाली.

१९५९ चा आकडा हीच मुळात असाधारण गोष्ट होती. १९२० च्या दशकात संख्या तीस लाखांवर गेली, मग महामंदीत वर्गणी थकली आणि लाखो नावे पटावरून गेली. दुसऱ्या महायुद्धानंतर पुन्हा भरती आली. पलटणीतली सोबत सुटलेल्या तरुणांना तशीच जवळीक लॉजमध्ये सापडली. इंग्लंडमध्येही पहिल्या महायुद्धानंतरच्या तीन वर्षांत साडेतीनशेहून अधिक आणि दुसऱ्यानंतरच्या तीन वर्षांत जवळपास सहाशे नव्या लॉज निघाल्या. पण एकाच लाटेत आलेले सभासद एकाच सुमारास म्हातारे होतात. पुढची घट त्या भरतीच्या पोटातच होती.

प्रश्न उरतो तो मुलांच्या पिढीचा. ती लॉजकडे फिरकली नाही, आणि हा अनुभव एकट्या मेसनांचा नव्हता. पालक-शिक्षक संघ, कामगार संघटना, चर्च, क्लब अशा अनेक ठिकाणी अमेरिकनांचा वावर कमी झाल्याचे राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट पटनम यांनी ‘बोलिंग अलोन’ (२०००) या ग्रंथात दाखवले. इंग्लंडमध्ये आणखी एक कारण घडले. नाझी राजवटीने मेसनांचा छळ केला. त्या भीतीने इंग्रज लॉज आपल्यातच मिटून गेल्या आणि युद्ध संपल्यावरही बोलेनात. त्या मौनात संशय वाढला. १९८० च्या दशकात त्यांनी लोकांपुढे यायला सुरुवात केली, तोवर एक पिढी हातची गेली होती.

बंद दारांचाही हिशेब मांडायला हवा. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या प्रिन्स हॉल लॉजना गोऱ्यांच्या ग्रँड लॉजकडून व्यापक मान्यता मिळू लागली ती १९८९ नंतर. याउलट मुंबईत १८४३ साली जेम्स बर्न्स यांच्या पुढाकाराने ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ ही लॉज भारतीयांसाठी निघाली आणि माणेकजी करसेटजी यांच्यासारख्या पारशी गृहस्थांना आपल्याच शहरात लॉजचे दार उघडले. पश्चिम भारतातील भारतीयांत मेसनरी रुजायला या निर्णयाने मदत झाली. पुढे १९६१ मध्ये भारताची स्वतंत्र ग्रँड लॉज स्थापन झाली.

सभासद कमी झाले तरी इमारती तेवढ्याच राहतात, हे या घसरणीचे सर्वांत जाचक अंग. डेट्रॉइटचे मेसनिक टेंपल १९२६ मध्ये भरभराटीच्या काळात उभे राहिले. त्यात हजाराहून अधिक खोल्या आहेत. २०१३ मध्ये थकलेल्या करापोटी ते लिलावात जाण्याची वेळ आली, तेव्हा त्याच शहरात वाढलेले संगीतकार जॅक व्हाइट यांनी १,४२,००० डॉलर भरून ते वाचवले. वर्षानुवर्षे वाढवायची टाळलेली वर्गणी आणि एकरकमी पैसे घेऊन दिलेली आजीव सभासदत्वे यांनीही अनेक लॉजची तिजोरी हलकी केली.

वाढीसाठी पहिला मोठा उपाय झाला तो वेगाचा. एंटर्ड अप्रेंटिस, फेलोक्राफ्ट आणि मास्टर मेसन या तीन पदव्यांना एरवी काही महिने लागतात, कारण प्रत्येक पदवीचा विधी शिकायचा, त्यातला बराच भाग पाठ करायचा असतो. १९९० च्या दशकापासून अमेरिकेतील काही ग्रँड लॉजनी शेकडो उमेदवारांना तिन्ही पदव्या एकाच दिवसात देऊन पाहिल्या. पट भरला, पण ज्या ओळखीसाठी आणि साधनेसाठी माणूस लॉजमध्ये येतो तीच या घाईत गाळली गेली. असा धोका इंडियानाचे मेसन ड्वाइट स्मिथ यांना फार आधी दिसला होता. १९६० च्या दशकाच्या आरंभी, संख्या नुकतीच उतरू लागली असताना, ‘व्हिदर आर वी ट्रॅव्हलिंग?’ या लेखमालेत त्यांनी प्रवेश सोपा करण्याऐवजी लॉजचे कामच कसदार करण्याचा आग्रह धरला. कमी सभासद, चांगले भोजन, गंभीर चर्चा आणि जास्त वर्गणी अशा धर्तीवर चालणाऱ्या छोट्या लॉज आज त्याच विचाराच्या आहेत.

इंग्लंडच्या युनायटेड ग्रँड लॉजने तरुणांपासून सुरुवात केली. ऑक्सफर्डची अपोलो आणि केंब्रिजची आयझॅक न्यूटन या जुन्या विद्यापीठीय लॉजच्या नमुन्यावर २००५ मध्ये विद्यापीठ योजना आली. तिच्यातून एकविशीच्या आतील विद्यार्थ्यांनाही प्रवेश मिळू लागला. त्यानंतर प्रत्येक लॉजने स्वतःचा आराखडा करावा अशी पद्धत रुजवली जात आहे. त्यात सभासदांची वये मांडून येत्या काही वर्षांत कोणती पदे रिकामी पडतील हे पाहायचे, चौकशी करणाऱ्याला वर्गणी, वेळ आणि घरच्यांची संमती यांबद्दल आधीच स्पष्ट सांगायचे, आणि दीक्षेनंतर त्याला अनुभवी मार्गदर्शक नेमून द्यायचा. या शेवटच्या कामावर सर्वाधिक भर हवा. मृत्यूने होणारी घट कोणालाही थांबवता येत नाही. पहिल्या दोन-चार वर्षांत कंटाळून राजीनामा देणारा किंवा वर्गणी थकवणारा सभासद मात्र राखता येतो. विधीपुरतीही माणसे जिथे उरत नाहीत, तिथे शेजारच्या लॉजमध्ये विलीन होणे किंवा सनद परत करणे, एवढेच मार्ग राहतात.