कामापुरते वाचन, अर्थासकट

दारावर ‘ढकला’ लिहिले आहे. कोणी ते खणखणीत आवाजात वाचले आणि दार मात्र ओढत राहिला, तर त्याला वाचता येते असे म्हणावे का? काही स्वमग्न व्यक्ती छापलेले भराभर उच्चारतात, पण अर्थ त्यांच्या हाती लागत नाही. त्यामुळे बौद्धिक अक्षमताही असलेल्या स्वमग्न प्रौढांना शिकवताना तोंडाने काय म्हटले यापेक्षा हाताने काय केले, ते पाहावे लागते. या कसोटीवर उतरणारे कामापुरते वाचन हेही पूर्ण वाचनच आहे.

त्याचा भक्कम आधार अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मरी सिडमन यांच्या १९७१च्या प्रयोगात सापडतो. तो स्वमग्नतेविषयी नव्हता. तीव्र बौद्धिक अक्षमता असलेल्या १७ वर्षांच्या एका मुलाविषयी होता. ऐकलेल्या शब्दाचे चित्र दाखवणे आणि चित्राचे नाव सांगणे त्याला येई, छापील शब्द मात्र कळत नसत. ऐकलेला शब्द आणि छापील शब्द यांची जोडी तेवढी सिडमन यांनी २० शब्दांपुरती शिकवली. त्यानंतर तो मुलगा छापील शब्द चित्रांशी जुळवू लागला, मोठ्याने वाचूही लागला. या दोन गोष्टी त्याला कोणी शिकवल्या नव्हत्या. ओळखीच्या अर्थाला अक्षर जोडले की उरलेले दुवे आपोआप सांधले जाऊ शकतात, हे त्यातून दिसले.

म्हणून शब्द निवडायचे ते त्या माणसाच्या दिवसातून: गोळ्यांच्या डबीवरचे ‘सकाळी’ आणि ‘रात्री’, स्वच्छतागृहावरचे ‘पुरुष’ किंवा ‘महिला’, विजेच्या खांबावरचे ‘धोका’, मुंबईत बेस्टच्या बसवरचे मराठी आकडे. सुरुवातीला चूक होऊच नये इतकी मदत करायची आणि मग ती हळूहळू काढून घ्यायची. कार्डावर ओळखलेला शब्द दारावर ओळखता येईलच असे नाही. त्यामुळे धडा शेवटी त्या दारापाशीच व्हायला हवा.

ही निव्वळ घोकंपट्टी आहे, असा आक्षेप घेतला जातो. शब्दांशीच थांबलो तर तो खराही ठरेल. डायान ब्राउडर आणि सहकाऱ्यांनी २००६मध्ये १२८ अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा बहुतेकांचा भर सुट्या शब्दांवर असल्याचे आढळले. पण ‘दही’ आणि ‘दवा’ ओळखणाऱ्याला त्यांतला ‘द’ दाखवता येतो. बाराखडीकडे जाणारी वाट इथूनही निघते. दुसरा आक्षेप असा की आता मोबाइलच सारे वाचून दाखवतो. मात्र बोललेले क्षणात विरते, तर लिहिलेले समोर थांबते. गोंगाटाचा त्रास होणाऱ्या आणि समजून घ्यायला वेळ लागणाऱ्या माणसाला हा थांबा फार मोलाचा असतो.

तिसरा आक्षेप वयाचा. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या मुलांना ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क देतो. ही हक्काची मर्यादा आहे, शिकण्याच्या कुवतीची नव्हे. औषध स्वतः घेणे, एकट्याने बस पकडणे या गरजा तर अठरानंतरच खऱ्या अर्थाने उभ्या राहतात. ज्या वयात ‘रात्री’ हा शब्द वाचून डबीचा योग्य कप्पा उघडायचा असतो, त्याच वयात तो शिकवणारे कोणीतरी शेजारी असायला हवे.