समीकरणाचा ताळेबंद

डोंबिवलीकरांना रसायनशास्त्र परके नाही. औद्योगिक वसाहतीतील कारखान्यांचा उग्र दर्प अनेक घरांच्या खिडक्यांपर्यंत पोहोचतो. २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ या दोन दिवशी तेथील रासायनिक कारखान्यांत स्फोट झाले. अनेकांचे प्राण गेले, दूरवरच्या घरादुकानांच्या काचा फुटल्या. ठाणे, कल्याण, डोंबिवलीतील मुलांसाठी हा विषय गुणपत्रिकेपुरता नाही. तो त्यांचा शेजारी आहे. तरीही अनेक वर्गांत त्याची ओळख फळ्यावरील समीकरणे पाठ करण्यापलीकडे जात नाही.

मायकेल फॅरडे यांनी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८४८ साली आणि पुन्हा १८६०-६१ च्या नाताळात एका साध्या मेणबत्तीचा आधार घेऊन मुलांसाठी संपूर्ण व्याख्यानमाला गुंफली. महागड्या उपकरणांवाचून रसायनशास्त्र अडत नाही. आपल्या स्वयंपाकघरात आणि पेढीवर असलेले साहित्यही पुरेसे आहे.

पहिला प्रयोग हळदीचा. हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेल्या कागदावर साबणाच्या पाण्याचा थेंब टाकला की डाग लाल होतो. त्यावर लिंबू पिळले की पुन्हा पिवळा. हळद आणि चुन्यापासून कुंकू होते, त्यामागेही हेच तत्त्व आहे. आम्ल आणि अल्कली हे शब्द मग पाठ करावे लागत नाहीत.

दुसरा प्रयोग चांदीचा. हवेतील गंधकयुक्त वायूंमुळे चांदीवर सिल्व्हर सल्फाइडचा काळा थर चढतो. घासून उजळा दिला, तर त्या थराबरोबर त्यातील चांदीही जाते. त्याऐवजी भांड्यात ॲल्युमिनियमची फॉइल अंथरून, गरम पाण्यात खाण्याचा सोडा व मीठ घालून काळवंडलेला चमचा फॉइलला टेकवून ठेवावा. गंधक ॲल्युमिनियमकडे जाते आणि चांदी जागीच राहते. सराफाच्या मुलाला हा हिशेब लगेच कळतो. खडे, मोती वा मीनाकाम असलेल्या वस्तूंवर मात्र हा प्रयोग करू नये.

तिसरा प्रयोग शिक्षकांच्या देखरेखीखालीच करावा. शीतपेयाच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत दोन लिंबांचा रस घ्यावा. एक ग्रॅम सोड्याची पातळ कागदात बांधलेली पुडी आत टाकून झाकण घट्ट लावावे आणि लगेच सराफी काट्यावर वजन करावे. रस फसफसतो, बाटली टणक होते, पण वजन बदलत नाही. झाकण हळूच सैल केले की वायू निसटतो आणि काटा घट दाखवतो. जमा-खर्चाची वही जशी जुळावी लागते, तसेच समीकरणही जुळावे लागते. लाव्हाझिए यांनी १७८९ च्या आपल्या ग्रंथात हाच नियम मांडला.

त्या टणक बाटलीत आणखी एक धडा आहे. बंद पात्रात वायू साचत गेला आणि त्याला वाट मिळाली नाही, तर काय होईल, हे मुलांच्या हातालाच उमगते. सोडा मोजून एकच ग्रॅम का घ्यायचा, याचे उत्तरही तेथेच मिळते. कारखान्यात प्रमाण, तापमान आणि दाब यांवर सतत लक्ष का ठेवावे लागते, हे असे मूल पुढे कामगार, अभियंता वा कारखानदार झाल्यावर विसरणार नाही.

शाळांना वह्या-पुस्तके देण्याची परंपरा व्यापारी कुटुंबांत जुनी आहे. यंदा त्या देणगीत एक अचूक काटा असावा, आणि तो वापरायला शिकवण्यासाठी पेढीवरील एखाद्या जाणकाराचा अर्धा तासही.