अळी ओळखावी ती मागच्या टोकावरून

‘तुझ्या अंगात किडे पडतील’ हा आपल्या भाषेतील फार जुना शाप. त्यातील भीती खोटी नाही. खोटी आहे ती त्यामागची समजूत. ज्याच्या जखमेत किडे पडले त्याच्या हातून काही पाप घडले असावे, असे आपण मनोमन मानतो. म्हणून रोगी ते लपवतो, घरची माणसेही लपवतात आणि डॉक्टरांकडे जाईपर्यंत चार दिवस निघून जातात. वस्तुतः माश्या व्रणावर बसून त्यात कृमी टाकतात, हे सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात सांगून ठेवलेले आहे. तेथे पापपुण्याचा हिशेब नाही. माशी आहे आणि उघडा व्रण आहे.

हे कृमी म्हणजे माश्यांच्या अळ्या. त्या सगळ्या पांढुरक्या आणि वळवळणाऱ्या, म्हणून सगळ्या सारख्याच, असे आपण धरून चालतो, आणि घोटाळा होतो तो इथेच. ल्युसिलिया सेरिकाटा नावाच्या चकचकीत हिरव्या माशीचे उदाहरण घ्या. पहिल्या महायुद्धात रणांगणावर पडून राहिलेल्या सैनिकांच्या जखमा अळ्या पडूनही, किंबहुना त्या पडल्यामुळेच, स्वच्छ राहिलेल्या विल्यम बेअर या अमेरिकन शल्यवैद्याने पाहिल्या. पुढे या माशीच्या निर्जंतुक वाढवलेल्या अळ्या वापरून त्याने हाडांचे चिघळलेले विकार बरे केले आणि १९३१ मध्ये ते प्रसिद्ध केले. २००४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या उपचाराला रीतसर मान्यता दिली. ही अळी मुख्यत्वे मृत मांस खाते.

आता दुसरी माशी पाहा. क्रायसोमिया बेझियाना हे तिचे नाव. तीही निळसर-हिरवी, तशीच चकचकीत. भारतात ती सर्वत्र आढळते. हिची अळी मात्र जिवंत मांसावरच वाढते. गुरांच्या जखमेत, वासराच्या ओल्या नाळेत जे किडे पडतात त्यांत बहुधा हिचाच हात असतो. जखमेच्या कडेला ती एका वेळी दीडशे-दोनशे अंडी चिकटवते. साधारण एका दिवसात अळ्या निघतात, डोके खाली आणि मागचे टोक वर करून दाटीने मांसात शिरतात, आणि सुमारे आठवडाभरात पूर्ण वाढून जमिनीवर गळून पडतात. तेव्हा लपवण्यात गेलेले ते चार दिवस म्हणजे तिच्या भोजनाचा निम्म्याहून अधिक काळ! मधुमेहाने किंवा कुष्ठरोगाने पायाची संवेदना गेलेली माणसे आणि अंथरुणाला खिळलेले वृद्ध यांना तर पुष्कळदा कळतही नाही. नाक, कान, डोळे येथे ती शिरली तर प्रसंग जिवावरचा ठरू शकतो.

मग एक अळी दुसरीपासून ओळखायची कशी? येथे एक गंमत आहे. अळी साध्या भिंगाखाली धरली की तिच्या बोथट टोकावर दोन काळसर ठिपके दिसतात, आणि बहुतेकजण त्यांना डोळे समजतात. ते डोळे नव्हेत आणि ते तोंडही नव्हे. तोंड निमुळत्या टोकाला असते, तेथे दोन बारीक आकडे असतात. बोथट टोक हा पार्श्वभाग, आणि ते ठिपके म्हणजे श्वास घेण्याची रंध्रे. अन्नात डोके खुपसून जगणाऱ्या प्राण्याने नाक मागे ठेवावे, हे सोयीचेच म्हणायचे.

सूक्ष्मदर्शकाखाली या रंध्रांत फटी दिसतात. दुसऱ्या अवस्थेतील अळीला दोन, तिसऱ्या म्हणजे पूर्ण वाढीच्या अवस्थेत तीन. म्हणजे वयाचा अंदाजही येथेच मिळतो. फटींभोवती काळसर कडे असते. ल्युसिलियाचे कडे पूर्ण मिटलेले, बेझियानाचे एका बाजूस उघडे. घरातल्या माशीच्या अळीच्या फटी नागमोडी असतात. मांसमाशीची रंध्रे खोल खळग्यात दडलेली असतात. शिवाय बेझियानाच्या अंगाभोवती काट्यांची ठळक वलये असतात, त्यामुळे अळी मळसूत्री खिळ्यासारखी दिसते.

काही अळ्या जखमेची वाट पाहत नाहीत. आफ्रिकेतील कॉर्डिलोबिया अँथ्रोपोफागा ही माशी ओलसर वाळूत किंवा सावलीत वाळत घातलेल्या कपड्यांवर अंडी घालते. कपडा अंगात घातला की अळी धडधाकट कातडीत शिरते आणि गळवासारखा फोड येतो. म्हणून तिकडे नोकरीनिमित्त राहणारी माणसे आतल्या कपड्यांनासुद्धा गरम इस्त्री फिरवतात, आणि शिवणीवरून जरा अधिकच. मध्य व दक्षिण अमेरिकेतील डर्माटोबिया होमिनिस याहून धूर्त. ती डास पकडून त्याच्या पोटाला आपली अंडी चिकटवते. डास चावायला बसला की त्याच्या मार्गाने अळी अंगात शिरते. परदेशातून आलेल्या माणसाचा फोड औषधाने बसत नसेल, त्याच्या मध्यभागी बारीक छिद्र असेल आणि आत काही हलल्यासारखे वाटत असेल, तर डॉक्टरांना प्रवासाची हकीकत आधी सांगावी. ते छिद्र म्हणजे अळीची श्वासाची खिडकी. व्हॅसलीनने ते बंद केले की अळी गुदमरून वर येऊ लागते. तरी कधी कधी छोटी चीर द्यावीच लागते. घरी सुईने टोकरू नये, कारण अळी आत फुटली तर सूज वाढते.

जुन्या माणसांना कातडीतला प्रत्येक किडा नारू वाटतो. नारू हा लांब दोऱ्यासारखा जंत, पिण्याच्या पाण्यातून येणारा. त्याचा माशीशी संबंध नाही, आणि २००० साली भारत नारूमुक्त घोषित झालेला आहे.

जखमेतून काढलेले किडे आपण किळसेने मोरीत टाकतो. निदान त्यांतले चार-पाच ठेवावेत. ते अर्धा मिनिट उकळत्या पाण्यात टाकून मग ऐंशी टक्के अल्कोहोलच्या बाटलीत घालावेत. जिवंत अळी थेट अल्कोहोलमध्ये टाकली तर ती आकसून काळी पडते आणि रंध्रे नीट दिसत नाहीत. बाटलीवर तारीख, शरीराचा भाग आणि रोगी गेल्या दोन-तीन महिन्यांत कोठे राहिला ते लिहावे, आणि बाटली रोग्याबरोबरच दवाखान्यात न्यावी.