क्लिनिकच्या भिंतीवर रझांचा बिंदू? ऑर्डर देण्याआधी हे वाचा!

स्किन क्लिनिक काढायचं म्हटलं की इंटीरियरवाला पहिल्याच मीटिंगमध्ये ‘आर्ट थीम’ सुचवतो. कल्पना चांगलीच आहे. पण समजा, मनीषनगरात गाळा घेतलाय, लेझर मशीनचा हप्ता सुरू झालाय. मग भिंतीवर लागणारा प्रत्येक रुपया काय काम करणार, हे विचारायला नको का?

थीमसाठी नागपूरकराला पॅरिसला जायची गरज नाही. सय्यद हैदर रझा 1939 ते 1943 इथंच, नागपूर स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले आणि मग मुंबईच्या जे.जे.त गेले. लहानपणी त्यांचं लक्ष भटकायचं, म्हणून शाळेतल्या मास्तरांनी भिंतीवर बिंदू काढून त्याकडे बघत बसायला लावलं होतं. पुढे तोच बिंदू त्यांच्या चित्रांच्या मध्यभागी आला. रिसेप्शनला सांगायला याहून भारी गोष्ट कुठली?

पण थांबा. नेटवरून तो बिंदू उतरवून वॉलपेपर छापायचा नाही. चित्रावरचा कॉपीराइट चित्रकार गेल्यानंतर 60 वर्षं टिकतो. रझा 2016 मध्ये गेले, म्हणजे 2076 संपेपर्यंत. अस्सल चित्र विकत घेतलं तरी ते जाहिरातीत छापायचा हक्क आपोआप मिळत नाही, बरं का! त्यापेक्षा आपल्या शासकीय चित्रकला महाविद्यालयातून शिकून निघालेल्या एखाद्या तरुण चित्रकाराला काम द्या. छपाईचे हक्क लेखी घ्या आणि करारात मुदत टाका. नाही टाकली तर कायदा 5 वर्षंच धरतो.

आता आतल्या खोल्या. डिझायनर आणि डॉक्टरची खरी जुंपते ती इथं. लेझर रूममध्ये आरसा, पितळी पॅनेल, काचेची फ्रेम यातलं काहीच नको. किरण परतून आला तर डोळ्याला इजा होऊ शकते. आणि ‘लक्झरी लुक’ म्हणजे नेमकं हेच चकचकीत सामान! तिथं मॅट, पुसता येईल असाच रंग लावा, डिझायनर कितीही रुसला तरी. तपासणीच्या खोलीत लाल-पिवळी भिंत टाळा. तिची झाक त्वचेवर पडते, डाग वेगळाच दिसतो आणि आधी-नंतरचे फोटो जुळत नाहीत. लाइट 4000 केल्व्हिनच्या आसपास, सीआरआय 90 च्या वर. रिसेप्शनला 3000 केल्व्हिन छान दिसतो.

चित्र कुठलं लावायचं? 1984 मध्ये रॉजर उलरिच यांचा एक अभ्यास आला होता. पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती ते पेशंट, विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले. ती खिडकी होती, चित्र नव्हतं, हे मान्य. तरी सुईला घाबरणाऱ्या पेशंटसमोर मी झाडापानांचं चित्रच लावेन. बिंदू दारापाशी शोभतो.

कॅनव्हास पश्चिमेच्या उन्हात टांगू नका, रंग उडतो. आणि एसीच्या बजेटमधून चित्रं घेऊ नका. मे महिन्यात 45 डिग्रीत वर्धा रोडवरून आलेली पेशंट आधी गार वारा शोधते, भिंतीकडे नंतर बघते.