खाजेचा हिशेब

महायुद्धानंतर जपानने लाकडाची चणचण भागवण्यासाठी डोंगरच्या डोंगर सुगी आणि हिनोकी या वृक्षांनी भरून काढले. झाडं मोठी होऊन फुलू लागली, पण तोवर बाहेरून स्वस्त लाकूड येऊ लागलं आणि तोड मंदावली. सुगीच्या परागज्वराची, म्हणजे हवेतल्या परागांमुळे होणाऱ्या ॲलर्जीची, पहिली नोंद १९६४ साली निक्को परिसरातून झाली. पुढे कान-नाक-घसा तज्ज्ञ आणि त्यांच्या घरच्यांच्या देशव्यापी पाहणीत या ज्वराचं प्रमाण १९९८ मध्ये १६.२ टक्के होतं. २००८ मध्ये २६.५ आणि २०१९ मध्ये ३८.८ टक्के भरलं.

या सगळ्यात चर्चा व्हायची ती नाकाची. डोळ्यांचं दुखणं किरकोळच मानलं गेलं, आणि हे मला फार खटकतं. पराग डोळ्यांतल्या पाण्यात उतरले की हिस्टामिन सुटतं, खाज सुरू होते. चोळलं की आणखी वाढते. वाचताना अक्षरं पुसट होतात, गाडी चालवताना डोळे वाहतात, रात्री झोप लागत नाही. डॉक्टर पापणी उलटून लाली आणि पुरळ बघतात, त्यावरून श्रेणी देतात. पण आदल्या रात्री पाऊस पडून हवा धुतली गेली असेल, तर तपासणीच्या दिवशी डोळे शांत दिसणार आणि आठवडाभराचा छळ कागदावर उतरणारच नाही.

१९९१ मध्ये कॅनडात एलिझाबेथ ज्युनिपर आणि गॉर्डन गायट या संशोधकांनी हा छळ थेट रुग्णालाच विचारला. त्यांच्या प्रश्नावलीत २८ प्रश्न होते आणि डोळ्यांच्या तक्रारींचा विभाग वेगळा होता. जपानने पुढे स्वतःच्या प्रश्नावल्या केल्या, त्यांतली एक खास डोळ्यांच्या ॲलर्जीसाठी. तरीही उत्तरं आठवून आठवूनच लिहायची होती.

२०१५ पासून युरोपात लोक फोनवरच्या रेघेवर बोट सरकवून आजचा त्रास किती ते नोंदवू लागले. डोळ्यांसाठी वेगळी रेघ होती. टोकियोच्या जुन्तेन्दो विद्यापीठाचं ॲलरसर्च हे ॲप फेब्रुवारी २०१८ मध्ये आलं. तिथल्या संशोधकांनी डोळ्यांच्या ॲलर्जीची तीच जपानी प्रश्नावली कागदावर आणि फोनवर भरून घेतली आणि उत्तरं जुळतात का ते ताडून पाहिलं. काम कंटाळवाणं, पण त्यावाचून पुढचे सगळे आकडे पोकळ ठरले असते.

हजारो लोकांची माहिती जमते याचं मला तितकंसं अप्रूप नाही. खाज सुटली त्याच दिवशी ती नोंदली जाते, खरी कमाई ती. उणिवा आहेतच: ज्यांना त्रास जास्त तेच ॲप घेतात, बरं वाटलं की सोडून देतात, आणि बारीक अक्षरांपुढे म्हातारी माणसं थकतात.

मे २०२३ मध्ये जपान सरकारने दहा वर्षांत सुगीची लागवड सुमारे वीस टक्क्यांनी घटवण्याचं ठरवलं. हवेतले पराग यंत्रं मोजतीलच. माणसांच्या डोळ्यांना उतार पडला का, हे मात्र रोज विचारत राहावं लागेल, आणि तेही याच प्रश्नांनी, नाहीतर आधीच्या वर्षांशी तुलना कशाची करणार?